हात-पाय गरम झाले का?

मी महाड तालुक्यात आयुर्विमा विकते. लोकांच्या ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, "देव न करो, पण उद्या काही झालंच तर" असं म्हणायचं आणि मग हप्त्याचा आकडा सांगायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. बिरवाडीकडच्या वाड्यांमध्ये अजूनही बऱ्याच घरांत मला 'विंचवातून वाचलेली पोर' म्हणून ओळखतात. पोरीची आता पंचेचाळिशी उलटली, केसांना मेंदी लागते, पण ओळख तीच. आणि ओळख पटली की पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "देवानं तुला काहीतरी कामासाठी मागं ठेवलीय गं."

मी मान हलवते. सही व्हायची असते, अशा वेळी वाद घालू नये. पण ते वाक्य मला कधी पटलं नाही. का पटत नाही ते ओटीवर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझा एक भाऊ होता. मी जन्मायच्या आधीच गेला. 1978 चा मे महिना, पावसाआधी लाकडं पडवीत आणून रचायची घाई चाललेली. त्यानं एक ढलपी उचलली, तिच्याखाली विंचू. काळी इंगळी नव्हे. इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या नांगीनं सहसा माणूस मरत नाही. हा तांबूस, त्या मानानं किरकोळ दिसणारा. दगडांच्या फटीत, लाकडांत, पेंढ्यात असतो, आणि पोरांचा जीव घेतो तो हाच. भाऊ पाच वर्षांचा. आधी किंचाळला, मग हळूहळू रडायचा थांबला. घरच्यांना वाटलं, उतरला. नंतर घाम सुटला, गोधडी भिजेपर्यंत. उलट्या झाल्या. हात-पाय गार पडले. भगत आला, त्यानं मंत्र घातला, पाय झाडला. पहाटेकडे तोंडातून गुलाबीसर फेस आला आणि उजाडायच्या आत सगळं आटोपलं.

वडील तेव्हा मुंबईत, लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. तार मिळून, एसटी पकडून ते पोचले तोवर मूठमाती देऊन झाली होती.

भगताला लोक आता नावं ठेवतात. मी ठेवत नाही. विंचू चावलेल्या बहुतेकांना नुसती कळ लागते, जीव जाईलशी कळ, पण ती मंत्र घाला न घाला, दुसऱ्या दिवशी ओसरते. त्यामुळे भगताच्या खात्यात यशच यश जमा होतं. आजीनं त्याला बोलावलं ते अडाणीपणानं नव्हे, अनुभवावरून. कळ कमी आणि घाम फार, असा रोगी वेगळा असतो, हे तेव्हा शिकलेल्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हतं.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं विंचवाचं भारूड करायची. दरवर्षी. स्टेजवर एक मुलगा लुगडं नेसून लोळायचा आणि मांडवभर हसू. आई मधूनच उठून बाहेर जाऊन उभी राहायची. आम्ही दोघी बहिणी टाळ्या वाजवत बसायचो, कारण भारूड खरंच छान करायचे.

भाऊ गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी झाले. ताई आणि तो, दोघांवर थांबायचं ठरलं होतं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तेव्हा भिंतीभिंतीवर रंगवलेला असायचा आणि वडील गिरणीतून असले विचार घेऊन यायचे. तो गेल्यावर ठरवलेलं मोडलं. आजीला खात्री होती की तोच परत येतोय. आली मुलगी. आजी बारशाला ओटीवर आलीच नाही, असं काकी सांगते. आई म्हणते, आजी आजारी होती. मी खोलात शिरले नाही. एवढं मात्र खरं, की तो राहिला असता तर मला जागाच नव्हती. विंचवातून वाचणं ही नंतरची गोष्ट. मुळात मी आहे, तेच त्याच्या नसण्यामुळे. याबद्दल कोणाचे आभार मानायचे आणि कोणत्या तोंडानं?

मला चावला 1987 च्या ऑक्टोबरात. भातकापणी चाललेली, खळ्यावर पेंढ्याचे भारे पडलेले. एका भाऱ्याखाली हात घातला. आठ वर्षांची होते, त्यामुळे बरंचसं आठवतं. कळ आठवत नाही, हे नवल. घाम आठवतो. फ्रॉक अंगाला चिकटला होता आणि जीभ तोंडात मावेनाशी झाली होती. आजी म्हणाली, "भगताकडे पाठवा कुणाला तरी." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि शेताच्या बांधावरून डांबरी रस्त्याकडे निघाले. आई मागून पळत होती. रस्त्यावर खडीचा एक टेम्पो मिळाला. मला मांडीवर घेऊन आई पुढे बसली, वडील मागे खडीवर.

आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर होते. चावलेली जागा सगळे दाखवत होते, पण त्यांनी आधी माझी पावलं हातात धरली. कधी चावला, उलट्या किती झाल्या, एवढं विचारलं. मग गोळी दिली आणि आईला बजावलं, "हिला उचलून घ्यायचं नाही. आडवीच ठेवायची. पाणी मागेल तसं पाजा." त्या गोळीनं रक्तदाब एकदम उतरतो, पोराला उभं धरलं तर ते तिथंच मान टाकू शकतं. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आईला तेव्हा फक्त एवढं कळलं की पोरीला मांडीवर घ्यायचं नाही. आधीच्याला तिनं पहाटेपर्यंत मांडीवरच घेतलं होतं.

रात्रभर ती लोखंडी खाटेच्या पायथ्याशी बसून माझी पावलं धरून होती. डॉक्टर मधूनमधून यायचे आणि एकच विचारायचे, "हात-पाय गरम झाले का?" आई म्हणायची, "नाही." पुन्हा गोळी. पुन्हा तोच प्रश्न. उजाडताना कधीतरी तिनं "झाले वाटतं" म्हटलं. डॉक्टरांनी स्वतः हात लावून पाहिला आणि "आता हिला चहा-बिस्कीट द्या" म्हणाले. ते बिस्कीट मला अजून आठवतं. ग्लुकोजचं, चहात बुडवून अर्धं कपातच पडलेलं.

भावाला चावला आणि मला चावला, यांच्यामध्ये नऊ वर्षांचं अंतर. तालुका तोच, विंचू त्याच जातीचा. मधल्या काळात काय घडलं ते मी मोठी झाल्यावर वाचून काढलं.

हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जात होती. गंभीर झालेल्या शंभरातली तीसेक तरी. पुस्तकात उपाय नव्हता, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशांत हा विंचू नव्हता. ते रोग्याजवळ बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, पावलांचा गारठा, एकेक टिपत गेले. त्यातून उलगडलं ते असं. विष थेट हृदय जाळत नाही. ते शरीराच्याच ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचं धरण फोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयाला तो भार झेपत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरतं. माझ्या भावाच्या तोंडचा गुलाबी फेस म्हणजे ते पाणी. 1982 मध्ये त्यांची लक्षणांवरची निरीक्षणं 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मग उपाय शोधता शोधता ते प्राझोसिनपाशी पोचले. ही रक्तदाबाची साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. विंचवासाठी कोणी बनवलेलीच नव्हती. 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनावर उतरलं. मधे पुण्याला जाऊन एम.डी. झाले, तरी परत आले ते महाडलाच. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत इथंच काम करत राहिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आईनं टीव्हीसमोर हात जोडले. कोणाला जोडले ते विचारलं नाही.

माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर मात्र दुसरेच कोणी. त्यांची पुढे बदली झाली, नाव आम्हा कोणालाच माहीत नाही. त्यांना ती पद्धत ठाऊक होती आणि गोळी त्यांच्या कपाटात होती, बस. टेम्पोवाल्याचंही नाव माहीत नाही. आई म्हणते, त्याला मिशी होती.

आता संपाची गोष्ट.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील. दीडेक वर्ष त्यांनी खोलीत कळ काढली, मग गावी आले ते कायमचे. साच्यावरचा माणूस, नांगर धरायची सवय सुटलेली. लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे, संध्याकाळी बांधावर एकटेच बिडी ओढत बसायचे. घरात त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर वडील संपावर असतानाच गेले.

पण 1978 ला ते मुंबईत कमावत होते, म्हणून मुलगा भगताच्या हातात राहिला. 1987 ला ते बेकार होते, म्हणून त्या दिवशी खळ्यावर होते. आजीसमोर बोलायची आईची छाती नव्हती. भगताला डावलून पोरीला उचलून नेऊ शकणारा घरात एकच माणूस होता आणि तो अडीच लाख माणसांच्या वाताहतीमुळे घरी होता. "देवानं कामासाठी ठेवलं" म्हणणाऱ्यांना मी हे कसं सांगू? एका पोरीला डांबरीपर्यंत नेण्यासाठी देवानं गिरणगाव उठवलं, असं म्हणायचं?

विम्याच्या फॉर्ममध्ये कौटुंबिक इतिहासाचा तक्ता असतो. आई, वडील, भाऊ, बहिणी. हयात असल्यास वय आणि प्रकृती, मृत असल्यास वय आणि कारण. एजन्सी घेतली तेव्हा पहिली पॉलिसी स्वतःचीच काढली, सगळेच काढतात. भाऊ, वय 5, कारण विंचूदंश, असं लिहिलं. शाखेतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "हे आनुवंशिक काही आहे का, एवढंच बघायचं असतं हो." मी म्हटलं, "साहेब, घर वडिलोपार्जित आहे, तेवढंच."

आमच्या प्रशिक्षणात माणसाच्या आयुष्याची किंमत काढायला शिकवतात. वर्षाची कमाई घ्यायची, त्यातून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, जे उरतं ते कमाईच्या उरलेल्या वर्षांसाठी मांडायचं. येईल तो आकडा म्हणजे तो माणूस गेला तर घराचं होणारं नुकसान. पद्धत वाईट नाही. चार पोरांचा बाप बेफिकीर असतो, त्याच्यासमोर हा आकडा ठेवला की तो सरळ बसतो. पण मी ती पहिल्यांदा शिकले तेव्हा वहीच्या मागच्या पानावर 1987 चा ऑक्टोबर मांडून पाहिला. आठ वर्षांची पोर, कमाई काही नाही. संपातला गिरणी कामगार, कमाई जवळपास काही नाही. एका शून्य किमतीच्या माणसानं दुसऱ्या शून्य किमतीच्या पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत नेलं. माझ्या कामात मी या सूत्राचा रोज उपयोग करते. त्या पानाचा उपयोग कुठे करायचा ते मला अजून समजलेलं नाही.

22 जुलै 2021 ला महाड बुडालं. बाजारपेठेत पहिल्या मजल्याकडे पाणी चढत होतं. आम्ही गच्चीवर होतो. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. कितीतरी जणांचे देह सापडलेच नाहीत. शोध थांबवून प्रशासनानं त्यांना मृत घोषित केलं. एरवी बेपत्ता माणूस मेला असं धरायला कायदा सात वर्षं थांबायला लावतो. त्यानंतर कुठल्याही ओटीवर कोणी मला "मागं ठेवलीय" म्हणालं की घशाशी येतं. मला ठेवली, मग त्यांचं काय केलं? त्यांच्याकडे काम नव्हतं? आवण लावून आलेल्या बायका होत्या त्या.

आणि काम म्हणाल तर माझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? दोन मुलं वाढवली, बऱ्याच जणांच्या पॉलिसी काढल्या, काही घरांत वेळेला पैसे पोचवले. एका बाईच्या नवऱ्याचा क्लेम अडकला होता, तो मी पाठपुरावा करून सोडवला, तेव्हा तिनं मला अंडी आणून दिली. एवढंच. यातून डोंगर, संप आणि एक भाऊ यांची भरपाई होते असं मी तर म्हणणार नाही.

पण बरं वाटतं, हेही लपवणार नाही. कारण नसताना वाटतं. दुपारच्या दोनला महाडच्या स्टँडवर उन्हात गाडीची वाट बघत उभी असते, ब्लाऊज पाठीला चिकटलेला, गाडी येत नाही, शेजारी कोणीतरी फोनवर जोरजोरात भांडतंय. आणि एकदम पोटातून वाटतं, आपण आहोत. भाकरीवर सुकट घेतली आणि पहिला घास तोंडात गेला की वाटतं. ऑक्टोबरात पेंढ्याचा वास आला की एकाच वेळी भीतीही वाटते आणि हेही. नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला तर तो म्हणाला, "ॲसिडिटी असेल." तोही चांगला माणूस आहे.

आभार मानायचे तर देवापेक्षा मला पत्ते असलेली माणसं बरी वाटतात, पत्ता हरवलेला असला तरी. मिशीवाला टेम्पोवाला. बदलून गेलेले डॉक्टर. कुठल्या तरी कारखान्यात रक्तदाबासाठी गोळ्या पाडणारे कामगार, ज्यांना विंचू ठाऊकही नसेल. यांतल्या एकालाही मला कुठल्या मोठ्या कामासाठी वाचवायचं नव्हतं. डॉक्टरांना फक्त पावलं गरम व्हायला हवी होती. मला हे 'योजने'पेक्षा खूप मोठं वाटतं, आणि पेलायलाही सोपं जातं.

मागच्या दिवाळीत मी आईला हे सगळं बोलून दाखवलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, ती पंच्याहत्तरीची आहे. तांदूळ निवडत होती. म्हटलं, "संप झाला नसता ना, तर मी आज नसते."

ती वर न बघता म्हणाली, "आणि संप झाला नसता तर तुझ्या बापाचा फंड सुखानं हातात पडला असता. ताईच्या लग्नाला कर्ज काढावं लागलं नसतं. हिशेब मांडायचाच असेल तर सगळा मांड. अर्धा नको."

मी खरंच मांडायला घेतला. ताईच्या कर्जापाशी येऊन अडले, कारण त्याचे शेवटचे हप्ते माझ्या पहिल्यावहिल्या कमिशनमधून गेले होते. आईला तसं सांगितलं. तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग ते कुठं धरायचं, ते तूच बघ. विमेवाली तू आहेस."